सात भोकांचा खडक

काळ्या खडकापुढे ही मोठी रांग लागली होती. खडकात बोट जाईल अशी सात गोल भोकं. खडकबाबा होकायंत्र त्याला टेकवत आणि सुई उत्तर सोडून भलतीकडे वळली की गरजत, "बघा! दिशासुद्धा इथं शरण येते! घाला बोट, रोग गेलाच!"

रांगेत ताई दिसली तशी तिची धाकटी बहीण धावतच तिच्यापाशी गेली. ताई लहानपणापासून इन्सुलिनवर, आणि दोन दिवस तिनं इंजेक्शनला हात लावला नव्हता. ओठ कोरडे पडले होते, श्वास जड झाला होता.

"आता टोचून घेणं संपलं बघ," ताई हसून म्हणाली.

धाकटीचं पोट दगडांच्या अभ्यासावर चालायचं. ती भोकं तिनंच पाडली होती, सात वर्षांपूर्वी, ड्रिलनं. काम झालं की सिमेंटनं बुजवायची, हा त्यांच्या पथकाचा नियम. पण त्या दिवशी जीप निघाली होती आणि पथकाच्या प्रमुख बाईसाहेबांनी म्हटलं, इथं कोण बघायला येतंय!

तेव्हा ड्रिलनं इथूनच कापून काढलेली दगडाची कांडी आज तिनं प्रयोगशाळेतून पिशवीत घालून आणली होती. ती तिनं एका भोकात सरकवली. खडकातली पांढरी रेघ कांडीवरच्या रेघेशी तंतोतंत जुळली. रांगेतले लोक माना उंचावून बघू लागले.

"हा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा," ती म्हणाली. "थिजताना यातले लोखंडी कण तेव्हाच्या उत्तरेकडे तोंड करून बसले. पुढे जमीन सरकली, तरी कण तसेच राहिले. जमीन कुठून आली हे त्यावरून कळतं, म्हणून मी कांड्या काढल्या. पुढे इथं वीज पडून खडकच जोरदार चुंबक झालाय, सुई त्यालाच भुलते. घरातलं लोहचुंबक धरा, तेही हेच करेल!"

बाबांनी क्षणभर डोळे मिटले. मग हात उंचावले. "खडकानं आपलं बोट बाईच्या हातून परत मागवलं!"

जयजयकार झाला. कुणीतरी धाकटीच्याच पाया पडलं.

तिनं ताईचा हात धरला. "खडकाला रोज बोट लाव, मी अडवणार नाही. पण आधी इंजेक्शन घे. तो कुठं पळून जात नाही, तू जाशील."

"तूच तर भोकं पाडलीस," ताई मायेनं म्हणाली. "देवानं तुझ्याकडूनच करून घेतलं, वेडे."

चमत्कार दिसला की भोक कुणी पाडलं एवढं तरी विचारावं, लोकहो. धाकटीनं उत्तरही हातात आणून दिलं होतं. ताईनं हात सोडवून घेतला आणि उरलेल्या सहांपैकी एका भोकात बोट घातलं.