दोऱ्याला हाक

मिल बंद पडली, पण बाबांच्या गळ्यातली मिल चालूच राहिली. उभा जन्म विणाईखात्यात गेलेला. तिथे मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून सगळे विणकर आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचे. घरातही बाबांचं तेच. एक तर गल्ली जागी होईल असं ओरडणं, नाहीतर हे मुकं बोलणं. आईला आणि मला दोन्ही कळायचं.

पुष्करचे आईवडील मला बघायला येणार त्या दिवशी आईने बजावलं, "मिलचं नाव काढायचं नाही. सरकारी ऑफिसातून रिटायर झालात. आणि तोंड एकदम बंद!" पुष्कर पीथमपूरच्या नव्या कारखान्यात इंजिनीयर. बंद मिलवाल्याची मुलगी म्हटलं की स्थळं राजवाड्याचा टेम्पो पकडून पळायची. पण हा मला कॉलेजपासून आवडत होता, अगदी मनापासून. म्हणून मीही गप्प बसले. लाज वाटली, पण बसले.

पुष्करचे वडील, वासुदेवराव, रिटायर्ड संस्कृत मास्तर. आईने ऑफिसची थाप मारली, ती त्यांनी ऐकलीसुद्धा नाही. पोह्यांवर सेव पडायच्या आत परीक्षा सुरू.

"काय अरुंधती, एम. ए. संस्कृत ना? तन्तु चालव!"

अरे भिया, मुलगी बघायला आलात की तिमाही घ्यायला? पण चालवला. तन्तुः तन्तू तन्तवः. उकारान्त पुल्लिंगी, थेट सप्तमीपर्यंत.

"व्युत्पत्ती?"

"तन् धातू. ताणणे, पसरणे."

"अर्थ?"

"धागा. कोळ्याचं जाळं. आणि वंश, संतती."

"वा! वंशतंतू!" म्हणत मास्तरांनी तो तंतू इतका ताणला की जिलेबी गार झाली. शेवटी डोळे मिटून स्वतःच गायले, "संबोधन, हे तन्तो! आता दोऱ्याला हाक कोण मारणार म्हणा, पण व्याकरणात सोय आहे."

समोर बाबांचे ओठ हलले. आईकडे बघत, आवाज शून्य. 'आम्ही मारायचो की! हरामखोरा, तुटलास तर बघ! आणि ह्या म्हाताऱ्याचा धागा काही तुटतच नाही!'

फस्सकन हसू फुटलं. आईचं नाही. पुष्करच्या आई, शोभनाताई, तोंडाला पदर लावून गदागदा हलत होत्या. बाबा पांढरेफटक.

मग शोभनाताईंचे ओठ हलले, तसेच बिनआवाजी. 'कोणतं खातं?'

'विणाई.'

'माझे वडीलही.'

"काय झालं?" मास्तरांनी डोळे उघडले. आईने बाबांवर डोळे वटारले. आता मात्र माझं डोकं सटकलं.

"माझे बाबा मिलमध्ये विणकर होते," मी म्हटलं. "ऑफिस-बिफिस काही नाही. मिल बंद झाली, घरी बसले. चालत असेल तर बघा."

वासुदेवराव घाईघाईने बायकोकडे झुकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजले, "अगं, मिलचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं?"

शोभनाताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ओठ हलवले. 'पोरगी आमची.'

मास्तरांना काही कळलं नाही. आम्हा तिघांना कळलं. आईने डोळ्याला पदर लावला आणि बाबा मागाच्या वरताण ओरडले, "अरे मग जिलेबी खा की!"