खिळ्यावरची तलवार

देवासच्या आमच्या घरी श्रियाच्या पलंगावर तलवार टांगलेली असे. माझी लेक श्रिया दीड वर्षाची, उभी राहून हात वर करायला नुकतीच शिकलेली. "खिळा माझ्या आजोबांनी ठोकलाय, पडायचा नाही," असं सासरे, बापूसाहेब, सांगत. आजोबांच्या धाकाने खिळा हलत नसावा.

धारच्या एका नव्या संग्रहालयाला जुनी शस्त्रं हवी होती. अर्ज मीच भरला. अस्सल ठरली तर तलवार काचेत जाणार, नाहीतर परत खिळ्यावर. बापूसाहेबांना काचेखाली घराण्याचं नाव हवं होतं, मला रिकामी भिंत.

तलवार घेऊन आम्ही सगळेच धारला गेलो. तिथल्या तज्ज्ञ अल्पनाताईंनी पात्यावर भिंग फिरवलं. "पोलाद जुनं आहे. मूठही त्याच काळची." मी श्वास सोडला. भिंग मुठीपाशी थांबलं. "आणि हे?"

घराण्याच्या पूर्वजाचं नाव, 'सरदार मालोजी', बारीक ठिपक्याठिपक्यांत. आमच्या दुधाच्या पातेल्यावर आहे तसंच.

"मीच नाव घालून आणलं," बापूसाहेब म्हणाले. "तुम्हाला शंका राहायला नको. भांडीवाला चांगला माणूस, म्हणाला, भियाजी, साल भी डाल दूँ?"

सालही होतं. दोनशे वर्षांपूर्वी माळव्यात विजेची सुई होती, हे इतिहासाला त्या दिवशी कळलं.

"वस्तू खरी आहे," अल्पनाताई हळूच म्हणाल्या, "पण तिच्यावर खोटा लेख आहे. आम्हाला नाही घेता येणार."

बापूसाहेबांनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. "म्हणजे अस्सल. आज घरी गेल्या गेल्या टांगतो."

"पप्पा, अब रहने दो ना," माझे पती शार्दूल म्हणाले आणि मोबाइलमध्ये शिरले. घरातल्या लढाया ते असेच लढतात.

श्रिया टेबलावरून म्यानाचा गोंडा ओढत होती. मी तिला उचललं आणि विचारलं, "ताई, अस्सल पोलाद भिंतीवर उघडं टांगलेलं चालतं?"

अल्पनाताईंनी श्रियाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गंज धरतो. तेल लावून, कापडात गुंडाळून पेटीत ठेवा. कुलूप लावा. दसऱ्याला पूजेपुरती काढा."

"लिहून द्याल? बापूसाहेबांना लेखी पुरावा लागतो."

त्यांनी शिक्क्यासकट लिहून दिलं.

आता बापूसाहेब पाहुण्यांना कुलूपबंद पेटी दाखवतात. "अस्सल आहे, म्हणून बाहेर ठेवत नाही." पेटीवर नाव आणि साल, ठिपक्यांत.

खिळ्याला श्रियाचं टोपडं अडकवलंय. खिळ्याची बाहेरची कड चांगलीच धारदार आहे, हे कालच माझ्या लक्षात आलं.