चार प्लग आणि डॉरिसचा कान

चर्चमधल्या रविवारच्या मिसावरून आल्या आल्या बॉस्कोने इस्त्रीचा शर्ट उतरवला, जुनी बनियन चढवली आणि अंगणातल्या ट्रकचं बॉनेट उघडलं. ट्रक म्हणजे उत्तन गावापुरता ट्रक. हायवेवर त्याला कुणी टेम्पोसुद्धा म्हटलं नसतं. पण होता पेट्रोलचा, चार सिलिंडरचा, आणि बॉस्कोच्या मते गावातल्या सगळ्या नव्या गाड्यांपेक्षा शहाणा. गेले आठ दिवस मात्र हा शहाणा चढावर आचके देत होता, आणि बॉस्कोचा संशय स्पार्क प्लगांवर होता. हाटकेशला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, जन्मात कधी ऑइलने हात काळे न केलेल्या इव्हानने, म्हणजे त्याच्या लेकाने, मम्मीच्या फोनवर फर्मान धाडलं होतं: "अकरा वाजता येतोय. ट्रक नीट चालला तर ठीक, नायतर डॅडीची चावी माझ्याकडे."

चावी गेली की बॉस्कोचं सगळंच गेलं. आणि ती जायला प्लगपेक्षा मोठं कारण होतं, जे त्याने जगापासून, बायको डॉरिसपासूनही, लपवलं होतं. त्याला ऐकू येईनासं झालं होतं. चर्चमध्ये तो इतरांच्या ओठांकडे बघून आमेन म्हणायचा, शेजाऱ्यांच्या बोलण्यावर अंदाजाने हसायचा. एकदा तर मयताच्या घरीही हसला. डॉरिसने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे गप्प बसला.

त्याने पान्याने चारही जुने प्लग काढले. काजळीने काळेठिक्कर झाले होते. नव्या प्लगांची गॅप तो लोखंड कापायच्या हॅकसॉच्या तुटक्या पात्याने बघत होता. प्लगच्या दोन टोकांमधून पातं जरासं घासत गेलं की गॅप बरोबर. बापाने शिकवलेली पद्धत, दुसरं माप त्याला ठाऊकच नव्हतं. शेवटचा प्लग गॅप बघून झाल्यावर निसटून लादीवर पडला. उचलला, बनियनला पुसला आणि बसवून टाकला.

ट्रक सुरू झाला. बॉस्कोने बॉनेटवर थाप मारली.

"बघ! कसा लोण्यासारखा चालतोय!"

पायरीवर कोळंबी सोलत बसलेल्या डॉरिसचे हात थांबले. ट्रक लंगडत होता. फटफट करत, मध्येच एक ठोका गिळत. चार घरं पलीकडच्यालाही ते कळत होतं, फक्त मालकाला कळत नव्हतं. बॉस्कोने तिचा चेहरा पाहिला आणि काहीतरी चुकलंय हे ओळखलं. एक्केचाळीस वर्षं हा चेहरा वाचण्यात गेली होती.

एके काळी या दोघांचे कान म्हणजे गावात बोलायचा विषय होता. म्हावरं मुंबईला टाकून तो सकाळी परतायचा, तेव्हा ट्रक अजून क्रुसाजवळच्या वळणावर असताना डॉरिस तव्यावर भाकरी टाकायची. आवाजात काही खोट असली तर तो उतरायच्या आत म्हणायची, "आज काय बिघडवून आणलास?" लग्नाच्या पहिल्या वर्षी तर ती मेकॅनिकच झाली होती. चपला काढून केबिनमध्ये बसायची, अनवाणी पायाने ॲक्सिलरेटर दाबायची, आणि तो बॉनेटखाली वाकून प्लगची एकेक वायर काढून बघायचा. वायर काढल्यावर इंजिनचा आवाज पडला तर तो सिलिंडर धड. पडला नाही तर चोर सापडला. चोर सापडला की दोघं पोरांसारखी ओरडायची. सासूला वाटायचं, सुनेला वेड लागलंय. काय दिवस होते ते! पैसा नव्हता, झोप नव्हती, पण एका आवाजावर दोघांचा दिवस उजाडायचा. त्या आवाजासाठी बॉस्कोचा जीव अजून तुटायचा.

डॉरिसने पदराला हात पुसले आणि बॉनेटपाशी येऊन उभी राहिली.

"वायर काढ," ती म्हणाली. त्याने ओठांवरून ओळखलं.

कोरड्या फडक्यात धरून त्याने पहिली वायर काढली. ती कान देऊन उभी. मान हलवली: हा नाही. दुसरी. हाही नाही. तिसरी. हाही नाही. चौथी काढली आणि डॉरिसने हात वर केला.

इंजिन बंद करून त्याने तो प्लग काढला. लादीवर आपटलेला तोच. टोकं एकमेकांना चिकटली होती. ठिणगी पडणार कुठून? पडलेल्या प्लगची गॅप पुन्हा न बघणं ही नवशिक्याची चूक, आणि ती त्याच्या हातून झाली होती. पातं घालून त्याने गॅप मोकळी केली, प्लग बसवला, चावी फिरवली. आता त्याने इंजिनकडे पाहिलंच नाही, डॉरिसकडे पाहिलं. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. ट्रक नीट चालत होता.

तेवढ्यात तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. तो वळला. इव्हान उभा होता, बहुतेक बराच वेळ बोलतही होता.

"मानलं डॅडी! एकदम नवा वाटतोय. ठेव चावी तुझ्याकडेच."

एवढं बॉस्कोला समजलं. डॉरिस त्याचं गुपित मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हती, हेही त्याला समजलं. जिंकला होता तो. पण मघाशी लंगड्या इंजिनला तो लोण्यासारखा म्हणाला होता, सगळ्या आळीसमोर छाती काढून. मग रस्त्यावर मागून कोण हॉर्न मारतं, कोण ओरडतं, त्यातलं त्याने काय काय सोडलं असेल? त्याला स्वतःचीच भीती वाटली.

त्याने इंजिन बंद केलं, चावी काढली आणि लेकाच्या हातावर ठेवली.

"माना ऐकू येत न्हाय रे, इव्हान. आता तूच चालव."

बॉस्कोने चोरासारखं डॉरिसकडे पाहिलं. ती जवळ आली, त्याला ओठ दिसतील अशी समोर उभी राहिली आणि सावकाश एकेक शब्द म्हणाली,

"दोन वर्सां वाट बघतेय. वाटलेलं, पयले माना सांगशील."