आसराबाईंच्या घराच्या जोत्यातला झरोका

मी एक जुना झरोका आहे, मित्रांनो. टेंभुर्णीतल्या एका घराच्या जोत्यात, अंगणापासून वीतभर वर माझी लोखंडी जाळी आहे.

हे घर रामरावांनी बांधले. धान्याला ओल लागू नये म्हणून त्यांनी कोठीच्या खोलीत सागाच्या फळ्या घातल्या आणि फळ्यांखाली हातभर पोकळी ठेवली. पुढून मी आणि मागच्या भिंतीतून माझा जोडीदार, आम्ही त्या पोकळीत वारा खेळवायचो. ज्वारीची पोती कोरडी राहायची. पाहुणे फळ्यांचे कौतुक करत. आम्हाला कोण विचारणार?

चिखल नको म्हणून दर दिवाळीला अंगणात मुरूम पडे. अंगण चढत चढत माझ्या जाळीला टेकले. पावसाचे पाणी आत शिरू लागले. त्यातच एकदा साप दिसला आणि रामरावांचा नातू अंगद याने आम्हा दोघांनाही सिमेंटने लिंपून टाकले.

ओल आतच कोंडली. यंदा पोते उचलताना अंगदचा पाय फळीतून खाली गेला.

"उखडतो सगळं. फरशी बसवतो," तो म्हणाला.

त्याची आई आसराबाई फळीवरच बसून राहिल्या. "मामंजींनी घातलेल्या फळ्या हायेत. आधी गवंड्याला दाखव, मंग उखड."

चांदपाशा गवंड्याने मोडक्या फळीतून हात घातला. "लाकूड वाईट न्हाई, अंगदभाऊ. तुम्ही त्याचं नाक दाबून राह्यले. चार फळ्या बदला, बास."

"आन् साप?"

"त्याला बारीक जाळी लावू. घराला कशाला सजा?"

"चाळिशी आली, तरी डोकं सिमेंटचंच!" आसराबाई म्हणाल्या.

अंगद हसला, पण त्याने अट घातली. "झरोके फोडा आन् पुढून धूर सोडा. मागून निघाला तर फळ्या राहतील, न्हाई तर फरशी."

चांदपाशाने छिन्नीने आम्हाला मोकळे केले, पुढचा मुरूम खणून उताराची नाली काढली. आसराबाईंनी धुमसती गोवरी माझ्यासमोर धरली. धूर आत गेला. घरामागे अंगद माझ्या जोडीदारापुढे वाकून पाहत होता. आसराबाईंनी गोवरीवर आणखी फुंकर घातली.

"माय! निघाला, बिलकुल निघाला!" मागून अंगद ओरडला.

फळ्या वाळायला अजून उन्हाळा जाईल. अंगद आता रोज सकाळी माझ्या जोडीदारापुढे तळहात धरून वारा लागतो का पाहतो.

मित्रांनो, तुमच्या घराच्या जोत्यात अशी जाळी असेल तर तिच्यापुढची माती काढत जा. भीती वाटली तर बारीक जाळी बसवा, पण वाऱ्याची वाट बुजवू नका. आम्ही फार काही मागत नाही.