दोन पट्टे, तीन पट्टे

निवृत्तीआबा माझे सासरे. त्यांच्याशी मी सहसा वाद घालत नाही, पण या उन्हाळ्यात माझं डोकं फिरलं. वडिवळ्याच्या धरणाच्या पाण्यावर आमचा दोडका जोमात होता आणि निम्मी फळं आतून किडकी निघत होती. कापलं की अळ्या वळवळायच्या. आबांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला: शेजारच्या बांधावरचे उम्मेहानीमावशीचे दोन रायवळ आंबे.

"तिच्या आंब्यावं माश्या पोसत्यात आन् आमच्या मळ्यात येत्यात," असं ते गावभर सांगत सुटले. पुरावा म्हणून मळ्यात टांगलेला सापळा दाखवायचे, माश्यांनी गच्च भरलेला. मावशी एकटी बाई. लोणच्याच्या कैऱ्या विकून तिचं घर चालतं. चार बाप्ये दारात येऊन उभे राहिल्यावर ती बिचारी "तोडा बाबा" म्हणाली. करवतवाला ठरला.

सापळ्यात माशी कोणती आहे, हे एकानं तरी पाहावं ना! मी कामशेतच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून मी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आतली गंधाची वडी आंब्याच्या फळमाशीची होती. दोडक्याच्या माशीची वडी संपली होती, म्हणून आबांनी दुकानात होती ती आणली, माशी ती माशीच म्हणून. त्या वासावर आंब्याची माशी येणारच. आपणच तिला बोलावलं आणि आली म्हणून तिलाच चोर ठरवलं.

मग मी किडके दोडके बरणीत वाळूवर ठेवून वर फडकं बांधलं. अळ्या वाळूत शिरल्या, कोश झाले आणि करवतवाला यायच्या आदल्या दिवशी माश्या बाहेर पडल्या. सकाळी तो मशीन घेऊन बांधावर आला, तेव्हा मी पांढऱ्या ताटलीत दोन्ही माश्या शेजारी शेजारी ठेवून भिंग आबांच्या हातात दिलं.

त्यांनी निवांत पाहिलं. भातातलं गवत वीतभर असतानाच वेगळं काढणारा माणूस, त्याला फरक दिसायला कितीसा वेळ लागणार?

"सापळ्यातलीच्या पाठीवं दोन पिवळे पट्टे हायेत," आबा म्हणाले. "बरणीतलीला तीन. मधी येक जास्ती. आन् पंखाच्या टोकाला काळा डाग."

"म्हणजे?"

"येगळी हाये."

"मग आंब्याचा काय दोष?"

आबांनी भिंग परत दिलं. "आता मानूस आलाय मशीन घिऊन. आन् माशी नसंल, पर सावली हायेच की. कडंच्या दोन वळींना ऊन मिळत न्हाई. किती वरसं म्हनतोय मी."

मला संताप आला. माशीचं नुसतं निमित्त होतं. गावाला सांगायला सावलीपेक्षा माशी बरी वाटली, एवढंच. आणि मी मूर्खासारखी पट्टे मोजत बसले होते.

मी मळ्यात शिरले. कडेच्या ओळीतली सुतळी तोडली आणि वेल मुळापासून उपटला. मग दुसरा, मग तिसरा. फुलांवर आलेले, फळं लोंबणारे, सगळे.

"अगं, येड लागलं का तुला?" आबा धावत आले. "घरचं पीक हाये ते."

"आता सावली कुणावर पडते, ते दाखवा," मी म्हणाले आणि दुसऱ्या ओळीला हात घातला.

दोन्ही ओळी संपेपर्यंत मी थांबले नाही. हाताला सुतळीचे वळ उठले होते. आबा पडलेल्या वेलांकडे बघत राहिले. शेवटी करवतवाल्याला म्हणाले, "जा तू."

संध्याकाळी मावशी पाटीभर कैऱ्या घेऊन दारात आली. डोळे पुसत म्हणाली, "तुमचं लय उपकार झालं, रेणुका."

मी पाटी तशीच तिच्या डोक्यावर परत ठेवली. झाडं तिची, बांध तिचा. त्याबद्दल तिनं आमच्या दारात येऊन उपकार मानायचे, हे मला वेल उपटण्याहून जड गेलं.