काजाएवढं दार

सकाळी सव्वादहाला ब्लाऊजला गळा लावताना माझा उजवा हात मशीनवरून उतरला आणि परक्यासारखा मांडीवर पडून राहिला. मी त्याला ऊठ म्हटलं, त्यानं ऐकलं नाही. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची उजवी बाजूही टाके उसवल्यासारखी खाली आली होती.

नवऱ्याला हाक मारली. तोंडातून तीन बटणं पडली.

आमचे यशवंतराव भले गृहस्थ, पण घाईचे वैरी. त्यांनी बटणं उचलून डबीत ठेवली.

"पित्त झालंय. पड जरा, उतरेल."

मी पडले, आणि दार लांब गेलं. वीस वर्षं मापं घेतलेली नजर आहे माझी. पाच हातांवरचं दार नऊ हातांवर गेलं होतं आणि खिडकीएवढं उरलं होतं.

शेजारच्या मालूताई आल्या. अंगावरून वारं गेलंय म्हणाल्या. त्यांच्या माहेरी तेल चोळणारा होता, त्याला दुपारच्या एसटीनं बोलवायचं ठरलं. तोवर मला लिंबूसरबत पाजलं. ठसका लागला, अर्धं गालावरून ओघळलं. दार आणखी चार हात सरकलं. मी जीव तोडून दवाखाना, दवाखाना म्हणत होते आणि उशीवर नुसता बटणांचा ढीग होत होता. मला भीती वाटत होती, आणि संतापही येत होता, की या घरात दार कुणालाच दिसत नाही.

साडेअकराला सून रेवती बाजारातून दोरे घेऊन आली. आमच्याकडे काजबटणं तीच करते. तिनं ढीग पाहिला, मग मला.

"आई, हसा."

अर्धंच हसले.

"दोन्ही हात वर करा."

एकच गेला. तिनं पेला बाजूला केला, १०८ला फोन लावला आणि सासऱ्यांना विचारलं, कधीपासून?

"सव्वादहा. म्हटलं, जरा पडली की..."

"बाबा, हे पडून उतरत नाही."

१०८च्या गाडीचा भोंगा ऐकू आला तेव्हा यशवंतरावांना पहिल्यांदा दार दिसलं. ते काजाएवढं झालं होतं. ते गुडघ्यांवर बसले, बोटानं चाचपून पाहिलं.

"ही यातून जायची नाही," ते म्हणाले आणि रडू लागले.

रेवतीनं मला पाठीवर घेतलं आणि मशीनवरची कात्री उचलली. काज एकदाच कापायचं असतं, हे मीच तिला शिकवलं होतं. तिनं कात्रीचं टोक दाराला लावलं.