धारखेडचे पाहुणे

कुवेतमध्ये पुण्याची माणसं ढिगाने भेटतात, नाशिकची भेटतात, रत्नागिरीची तर पावलापावलावर. धारखेडचं माणूस भेटत नाही. आमचं धारखेड म्हणजे एवढंसं तालुक्याचं ठिकाण, रेल्वे आली म्हणून वसलेलं. आधी नुसता माळ होता. मग जंक्शन झालं, इंजिनांची शेड झाली, तिच्यामागोमाग जिनिंग, बाजार, कचेरी, कोर्ट. तिथल्या कुत्र्यालासुद्धा मी नावानिशी ओळखते. आणि हे गृहस्थ म्हणे धारखेडचे, आणि मी त्यांना ओळखत नाही! कुठंतरी पाणी मुरत होतं.

माझ्या लेकीचा प्रश्न होता हो, नाहीतर मला काय पडलं होतं! श्वेताने सुशांतशी लग्न करायचं ठरवलं होतं. इथे सलव्यात मराठी मंडळाच्या गणपतीत दोघांची ओळख झाली. सुशांतचे वडील जयप्रकाश रिफायनरीत इंजिनिअर, आई मंदाताई, घर फरवानियाला. "अगं आई, ते तुझ्याच गावचे आहेत!" श्वेता नाचत सांगत आली, आणि तिथूनच माझी झोप उडाली.

पहिल्या भेटीतच मी सहज म्हणून विचारलं, "दसऱ्याला शेडमधली इंजिनाची पूजा आठवते का हो?" आमच्याकडे त्या दिवशी शेड सगळ्या गावाला उघडी असायची. झेंडूच्या माळा घातलेल्या इंजिनाला हात लावून लोक काळे हात घेऊन घरी यायचे, वर पेढा. जयप्रकाश म्हणाले, "ऐकलंय."

ऐकलंय! धारखेडचा माणूस दसऱ्याची पूजा *ऐकतो*?

मग मंदाताई बोलता बोलता म्हणून गेल्या, की सासरी आल्यावर रोज तळ्यावरून हंडे आणावे लागत. आता चौकात रेल्वेचा नळ रात्रंदिवस वाहायचा, आसपासच्या खेड्यांतली माणसं त्यावर पाणी भरायची. ही बाई तळ्यावर कशाला मरायला गेली? आणि रुळांवरचा लोखंडी पूल, आमच्या गावची शान, त्यावर म्हणे हे कधी चढलेच नाहीत. मालगाडीच्या डब्यांखालून यायचे-जायचे. शेडच्या भोंग्याच्या वेळा तेवढ्या अचूक सांगितल्या. एवढं काय, कुणीही पाठ करून येईल.

"तू पोलिसासारखा त्यांचा इकामा, राहण्याचा परवाना मागायचंच बाकी ठेवलंस," जयदीप म्हणाला. माझा नवरा नाशिकचा, त्याला कसली आलीय फिकीर. "मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे. आणखी काय पाहिजे?"

"गाव खोटं सांगणारा माणूस उद्या आणखी काय काय खोटं सांगेल? पोरीला विहिरीत ढकलू?"

तारीख ठरवायला ते शुक्रवारी आमच्या महबूल्याच्या घरी आले. मी सगळं योजून ठेवलं होतं. चहा दिला, चिवडा दिला, आणि लाडिक आवाजात म्हटलं, "थांबा हं, माझ्या भावालाही त्याच्या गाववाल्यांशी बोलू दे." राजाभाऊंचं स्टेशन रोडला कापडाचं दुकान. तीन पिढ्या गावातली एकूण एक नवरी आमच्या दुकानातलं लुगडं नेसून गेलेली. त्यांना फसवणं शक्यच नव्हतं. मी फोन स्पीकरवर टाकला आणि टीपॉयवर ठेवला.

"राजाभाऊ, श्वेताला स्थळ आलंय, आपल्याच धारखेडचं." मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, वडील रेल्वेत होते तेही सांगितलं.

"या आडनावाचं गावात कुणी नाही," राजाभाऊ ठामपणे म्हणाले. मी श्वेताकडे पाहिलं. बघ, म्हटलं, बघ! तेवढ्यात ते हसले. "अगं थांब, थांब. लाइनीपलीकडचे असतील. रुळांवर राबणाऱ्या गँगवाल्यांची वस्ती नाही का! ते कुठं आपले गाववाले? त्यांना नळाला हात लावू देत नव्हते, दसऱ्याला शेडच्या फाटकाशी येऊ देत नव्हते. बाबांनी दुकानाची पायरी चढू दिली नाही कधी. चहापाणी कर आणि गोड बोलून वाटेला लाव त्यांना."

माझं बोट त्या लाल बटणावर जाईचना. शेवटी जयदीपने फोन बंद केला.

जयप्रकाशांनी बशी हलकेच खाली ठेवली. "माझ्या पणजोबांनी ती लाइन टाकली, वहिनी. त्या माळावरची पहिली झोपडी आमची."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?" माझ्या तोंडून निघून गेलं. जळली ती जीभ.

"सांगितलं की," मंदाताई म्हणाल्या. "पाणी कुठून आणायचो ते सांगितलं, कुठून यायचो-जायचो ते सांगितलं. तुम्ही विचारत गेलात, आम्ही खरं तेच सांगत गेलो. धारखेडच्या माणसाला यापेक्षा आणखी काय सांगायचं?"

"आई, तुला माहीत होतं? तिकडे लोक राहतात, हे?" श्वेताने विचारलं.

पुलावर उभं राहिलं की त्या बाजूच्या चुलींचा धूर दिसायचा. तिकडे घरं आहेत, हे मला माहीत होतं. तेही धारखेडच आहे, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं. "माहीत होतं," मी म्हटलं.

मंदाताई उठल्या. श्वेताच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "तू आमचीच आहेस, बाळा. तुमचं दोघांचं ठरलेलं मी मोडणार नाही. पण तारीख काढायला या घरात माझं पाऊल पुन्हा पडणार नाही."

"मंदाताई, बसा हो. चुकलं माझं." मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो पदराखाली घेतला.

"मी यांच्याबरोबर जातेय," श्वेता म्हणाली. आत जाऊन तिने बॅग भरली. मी दारात आडवी उभी राहिले. ती माझ्या बाजूने वाट काढून लिफ्टकडे गेली.

जयदीप माझ्याकडे न बघता कप उचलू लागला. टीपॉयवरचा फोन वाजला. राजाभाऊ होते.

"गेले का गं ते?"

"गेले," मी म्हटलं. "श्वेताही गेली."